काल्याचा तांदूळ

या माय, या भाऊ, असे दूर ओट्यावर नका बसू. चटई मोठी आहे, सरकून घ्या. आज कीर्तनाला बुवा नाहीत, मृदंग खोळीत आहे, म्हणून म्हटलं, आमच्या गावातली एक गोष्ट सांगावी. गोष्ट देवाची नाही, माझ्या सुनेची आहे. ऐकता ऐकता मधेच देव भेटला तर मात्र मला बोल लावू नका.

माझा मुलगा धनराज ब्रह्मपुरी ते आमचं गाव जीप चालवतो. दिव्या तेव्हा ब्रह्मपुरीला एका कापडाच्या दुकानात कामाला होती. रोज संध्याकाळी त्याच्या जीपमध्ये बसायची, ती ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीपाशी. त्या जागेवर दुसरं कोणी बसलेलं असलं की ती जीप सोडून द्यायची आणि तासभर पुढच्या जीपची वाट पाहत उभी राहायची. लोक म्हणायचे, "बाई, मागं जागा हाये ना!" ती म्हणायची, "ते माही जागा नाई." धनराजला आधी वाटलं, पोरगी तोऱ्याची आहे. मग त्याने त्या सीटवर आपला दुपट्टा टाकून ठेवायला सुरुवात केली. तीन महिने दुपट्टा टाकला. एक दिवस तिने विचारलं, "तुमी हे माह्यासाठी ठेवता का?" तो म्हणाला, "हो." ती म्हणाली, "मग उद्या बी ठेवा."

एवढ्या बोलण्यावर माझ्या मुलाने लग्न ठरवलं. दोन्ही घरच्यांनी पाहिलं, विचारलं, आणि उन्हाळ्यात ती आमच्या घरी आली.

पहिले सहा महिने माझी परीक्षा होती, आणि खरं सांगते, मी नापासच झाले. पाहुणे आले की दिव्या 'बसा' म्हणायची नाही. शेजारीण नवं लुगडं नेसून आली आणि म्हणाली, "कसं दिसते वं?" तर दिव्या म्हणाली, "पदराले तेलाचा डाग हाये." ताटात भाताला वरण लागलेलं तिला चालत नसे. वरण वेगळ्या वाटीत, भाजी वेगळ्या, भात कोरडा. कुकरची शिट्टी झाली की ती कानावर हात ठेवून घरामागच्या वाडीत जाऊन उभी राहायची. कापडाच्या दुकानाचं कामही तिने त्यामुळेच सोडलं होतं. मालकाने दारात भोंगा लावला, त्याच दिवशी. मी एकदा मागून येऊन प्रेमानेच खांद्यावर हात ठेवला, तर तिच्या हातातला दुधाचा गंज, भरलेलं पातेलं, खाली पडला. मी मनात म्हटलं, पोरगा फसला माझा.

धनराजच्या जीपमध्ये शिरीन मॅडम बसायच्या. ब्रह्मपुरीच्या, वडिलांचं शिलाईचं दुकान. गावोगावच्या शाळेत ज्या मुलांना शिकताना वेगळी मदत लागते, त्यांना शिकवायला जायच्या. धनराजने त्यांना घरी चहाला आणलं. त्या दिव्याशी दोन तास बोलल्या. पुढे त्यांच्याच सांगण्यावरून नागपूरला डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी नाव सांगितलं ऑटिझम. मराठीत स्वमग्नता म्हणतात म्हणे. मी शिरीनला विचारलं, "उतरल ना औषधानं?"

ती हसली. "काकू, हा ताप नाहीये उतरायला. तिच्या डोक्याची घडणच तशी आहे. आपल्याला जेवढा आवाज येतो ना, तिला त्याच्या दुप्पट लागतो. गोल गोल बोललेलं तिला समजत नाही. तुम्ही सरळ विचारा, ती सरळ सांगेल. आणि एकदम हात नका लावू. बस."

मी पंचेचाळीस वर्षं कीर्तन ऐकत आले आहे. त्या दिवशी आरतीला उभी होते आणि वीणेकऱ्याकडे लक्ष गेलं. सगळे टाळ कुटतात, नाचतात, आणि तो एकटा वीणा घेऊन स्थिर उभा. त्याला आजवर कोणी विचारलं नाही, बाबा, तू काऊन टाळ वाजवत नाई? मी घरी येऊन कुकर माळ्यावर टाकला आणि भात पातेल्यात शिजवायला लागले.

आता ऐका, खरी गोष्ट इथून पुढे आहे.

आमच्या बायकांच्या बचत गटाला शाळेतल्या मुलांचं जेवण रांधायचं काम मिळालं. स्वयंपाकाला बायका होत्या, पण कोठी सांभाळायला कोणी हवं होतं. तांदूळ-डाळ जपायची, निवडायची, रोज मापून द्यायची. दिव्याने घरी येऊन सांगितलं, "मले ते काम पाह्यजे." लग्नापासून तिने मागितलेली ही पहिली गोष्ट. कोठीची खोली शाळेच्या मागच्या अंगाला, तिथे आवाज नाही, गर्दी नाही, सगळं रांगेत ठेवायचं. तिच्या जिवाजोगं काम होतं. त्या रात्री तिने कोठीत पोती कशी लावायची याचं चित्रसुद्धा काढून ठेवलं.

गटाची अध्यक्ष बुधरीबाई. गावापासून वीस मिनिटांवर जंगलाच्या कडेला टोला आहे, चार घरांची वस्ती, तिथली. टोल्यावरच्या लोकांचा देव वेगळा, पूजा वेगळी, पण आमच्या सप्त्याला ते दरवर्षी शिधा देतात आणि जेवायला येतात. बुधरी म्हणाली, "पोरगी हुशार हाये, पण माणसाशी धड बोलत नाई. सप्त्याची कोठी तिच्याकडं देऊन पाहू. तिथी जमलं तं शाळेत घेऊ."

झालं. पौषातल्या सप्त्याची कोठी दिव्याकडे आली.

आमच्याकडची रीत अशी. काल्याच्या दोन दिवस आधी प्रत्येक घरून एक पायली तांदूळ येतो, आपापल्या फडक्यात बांधून. मुखरूभाऊ मंडळाचे प्रमुख. ते देवळामागच्या खोलीत ताडपत्री अंथरतात, सगळी गाठोडी त्यावर ओततात आणि दोन्ही हातांनी कालवतात. कोणाचा तांदूळ कुठला ते देवालाही ओळखू येऊ नये, अशी त्यामागची भावना. त्या वर्षी मुखरूभाऊ मंडपाच्या कामात अडकले आणि ओतायचं काम दिव्यावर सोडून गेले.

काल्याच्या दिवशी सकाळी बुधरी मदतीला आली. मी भाजी चिरत होते. ती कोठीच्या दारात उभी राहिली आणि तिथेच थांबली. मी उठून गेले. आत ताडपत्री कोरीच होती. गाठोडी सगळी बांधलेली, आणि रांगेने चार ठिकाणी मांडलेली. दोन ढीग मोठे. खिडकीखाली एकच गाठोडं. आणि पार आतल्या कोपऱ्यात पाच. त्या पाचातली चार टोल्यावरची होती. बुधरीने आपली फडकी लांबूनच ओळखली.

"हे आमचे गाठोडे कोपऱ्यात कोणं ठेवले?"

"मी," दिव्या म्हणाली.

"काऊन?"

"बाकीच्यात नाई मिसळाचे."

बुधरीचा चेहरा असा झाला, की मला वर पाहवेना. टोल्यावरची माणसं पूर्वी गावाची पंगत उठल्यावर जेवायला बसत, आणि तीही देवळाच्या पायरीखाली. मी पाहिलंय ते. बुधरीने तर भोगलंय.

"माही सासू खरकटं उचलल्यावर जेवाले बसे इथी," ती म्हणाली. "मी नवी सून होती, बाजूले बसून पाहत होती. आता पुन्हा नाई पाहाचं मले." आणि तिने वाकून आपलं गाठोडं उचललं.

"ते नेऊ नका," दिव्या म्हणाली. "त्याले पह्यले चढवाचं हाये चुलीवर."

बुधरी तोवर पायरी उतरून गेली होती.

बातमी मंडपात जायला कितीसा वेळ लागतो! मुखरूभाऊ हातात दोरीचं भेंडोळं घेऊन धावत आले. "धनराजची माय, काय करून ठेवलं हे तुह्या सुनेनं? काल्याच्या दिवशी भेदभाव? आत्ताच्या आत्ता सगळा तांदूळ वत, कालव, अन् तिले टोल्यावर नेऊन बुधरीचे पाय धराले लाव. नाई तं शाळेची कोठी विसरा तुमी!"

मंडपात कोणीतरी भोंगा तपासत होतं, हॅलो, हॅलो. दिव्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, कानावर हात, डोळे मिटलेले. मी म्हटलं, "दिव्या, फडके सोड." ती म्हणाली, "नाई." मी म्हटलं, "मी सांगून राह्यली ना! वत ते." ती म्हणाली, "मिसळले तं भात बिघडते." मला लाजेने काही सुचेना. सगळं गाव पाहत होतं. मी तिचं मनगट धरलं आणि ओढलं.

"हात सोडा, आई," ती म्हणाली. ओरडली नाही. तोंड फिरवून फक्त माझ्याकडे पाहिलं.

ते पाहणं मी ओळखत होते.

माझी थोरली बहीण, सोनीबाई. तुमच्यापैकी कोणी तिला पाहिलेलं नाही. तीही भात कोरडा खायची, तिलाही टाळमृदंग सोसायचा नाही. लग्न झालं, सासरी पहिलाच काला आला. काल्यात एकमेकांना घास भरवायची रीत. नव्या सुनेला अकरा जणींनी घास भरवला. तिसऱ्याच घासाला तिला ओकारी झाली. प्रसादाचा अपमान केला म्हणून दुसऱ्या महिन्यात तिला बैलबंडीत बसवून माहेरी आणून सोडलं. मग आमच्या आईने ठरवलं, हिची खोड मोडायची. पुढच्या काल्याला आईने घास घेतला आणि मला म्हणाली, हात धर तिचे. मी सतरा वर्षांची होते. मी धरले. सोनीबाई ओरडली नाही, माझ्याकडे फक्त पाहत राहिली. नंतरची एकोणीस वर्षं ती मागच्या खोलीत पळसाच्या पानांच्या पत्रावळी शिवत जगली आणि गेली. तिच्या पत्रावळीतून वरणाचा थेंब गळत नसे. पण तिला आम्ही कधी विचारलं नाही, बाई, तुला काय होतं?

मी दिव्याचं मनगट सोडलं. मुखरूभाऊंना म्हटलं, "भाऊ, तो भोंगा बंद कराले सांगा जरा, अन् तुमीबी बाहेर व्हा." दार लोटलं. खाली बसले, आणि तिच्याकडे न पाहता, ताडपत्रीकडे पाहत विचारलं, "दिव्या, तू काय पाहून वेगळं केलं?"

कानावरचे हात खाली आले.

"चावून पाह्यलं."

"सगळ्या गाठोड्यातलं?"

"त्रेसष्ट. हे नवे हायेत, आताच्या धानाचे. दाताले चिकटते. त्याले पाणी कमी लागते. हे मागच्या सालचे, टणकन तुटते, त्याले पाणी जास्त. खिडकीखाली कणी हाये, ते तं पाच मिनिटात गळते. अन् कोपऱ्यातले लाल, उखळात कांडलेले, कोंडा हाये त्याले. ते सगळ्यात उशिरा शिजते. तिथी सावली हाये म्हणून ठेवले, कोंड्याले ऊन लागलं का वास येते."

"कोणाचं कोणतं, ते पाह्यलं होतं का तू?"

"नाव कशाले पाहाचं?" ती म्हणाली. "नाव थोडीच शिजते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आलं. आमच्या सप्त्याचा भात दरवर्षी अर्धा गिचका, अर्धा कचकच लागायचा. त्यालाच आम्ही प्रसादाची चव म्हणत आलो. नवा-जुना-कणी-कोंडा एकाच गंजात घालून, एकाच पाण्यात! धान पिकवणारं गाव आमचं, घरी नवा तांदूळ आला की पाणी कमी घाला म्हणून सुनांना शिकवतो, आणि देवाच्या दारी तेच विसरतो. मग मी त्या कोपऱ्याकडे नीट पाहिलं. टोल्यावरची आता तीन उरली होती. चौथं माझं होतं. देवाला द्यायचा तांदूळ मी मिलमध्ये नेत नाही, घरच्या उखळात कांडते. फडकं माझ्याच जुन्या लुगड्याचं. घाईत मला माझंच गाठोडं दिसलं नव्हतं.

मी टोल्यावर गेले. बुधरी अंगणात लाकडं फोडत होती. मला पाहूनही कुऱ्हाड थांबवली नाही.

"सुनेच्या बदल्यात तू आली का पाय धराले?"

"पाय धराले कोणीच नाई आलं बुधरीबाई. पाहाले बोलवाले आली."

"काय पाहाचं रायलं आता?"

"माह्यं गाठोडं तिनं कुठी ठेवलं ते."

कुऱ्हाड थांबली. तिचा नवरा जंगू खाटेवरून म्हणाला, "जा नं, पाहाले का लागते? नाई तं मी उपाशी मरतो इथी, तू तं चूलबी पेटवली नाई रागानं."

"तू गप बैस," बुधरी म्हणाली. पण गाठोडं काखेत मारून निघाली.

आम्ही पोचलो तेव्हा कोठीपुढे बायकांची ही गर्दी. मी म्हटलं, एकेकीनं आत या, आपापलं फडकं ओळखा, अन् गलका करू नका. मग काय! सरपंचीणबाई आणि त्यांच्या घरी भांडी घासणारी, दोघींची गाठोडी नव्याच्या ढिगात मांडीला मांडी लावून. दोघी सख्ख्या जावा, वर्षभर बोलत नाहीत, त्यांची जुन्याच्या ढिगात एकावर एक. बुधरी कोपऱ्यात गेली, खाली वाकली, आणि तिने माझ्या लुगड्याच्या फडक्यावर हात फिरवून काखेतलं गाठोडं त्याच्या शेजारी ठेवलं.

तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "अन् हे खिडकीखालचं एकटं कोणाचं वं? कणीचं?"

हिरव्या काठाचं फडकं. सगळ्यांनी मुखरूभाऊंच्या बायकोकडे पाहिलं. देवाला पायलीभर कणी! मुखरूभाऊ दारातूनच म्हणाले, "राईसमिलवाल्यानं बदलवलं असल." मग जो हशा पिकला, तो आवरेना. दिव्या कानावर हात ठेवून म्हणाली, "कणी वाईट नसते. खीर चांगली होते तिची." त्यावर तर मुखरूभाऊही हसले.

बुधरी दिव्यापुढे जाऊन उभी राहिली. जरा अंतर राखून. "आमचा पह्यले चढवाचा म्हणत होती तू?"

"हो. तुमचा पह्यले चढला तरच सगळे एका टायमाले उतरतात."

"मंग मले सकाळीच सांगाचं ना पोरी."

"सांगितलं. तुमी जाऊन राह्यल्या होत्या."

बुधरीने माझ्याकडे पाहिलं, मी बुधरीकडे. मग मी दिव्याला पूर्वीची पंगत कशी बसायची ते सांगितलं, कोण पायरीवर, कोण पायरीखाली. सरळ सांगितलं, गोल नाही. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "मले माहीत नव्हतं. पुढच्या साली कोपऱ्यात नाई ठेवत. मधात ठेवीन अन् वरून पोतं झाकीन."

चार चुली पेटल्या. लाल तांदूळ आधी चढला, मग जुना, मग नवा. कणीची खीर झाली. उतरल्यावर सगळा भात एकत्र केला, दही घातलं. बुवांच्या कानावर सकाळचा प्रकार गेलाच होता. काल्याच्या कीर्तनात ते म्हणाले, गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र झाल्या हे तुम्ही दरवर्षी ऐकता, पण घरून निघताना प्रत्येकाच्या आईने आपल्या लेकराला काय पचतं ते पाहूनच शिदोरी बांधली होती, हे कोणी ध्यानात घेत नाही. मी एवढी वर्षं काल्याचं कीर्तन ऐकते. ही गोष्ट नवी होती. आणि भात? शीत शीत मोकळं. म्हातारे म्हणाले, सप्त्याचा भात वाटतच नाही, आणि दोनदा मागून घेतला.

मृदंग सुरू होता तोवर दिव्या कोठीतच होती. घास भरवायची वेळ आली तशी बुधरी उठली. तिने पळसाच्या पानावर नुसता लाल भात घेतला. दही नाही, वरण नाही. कोठीच्या उंबऱ्यावर पान ठेवलं आणि चार पावलं मागे सरून बसली. दिव्याने पान आत ओढून घेतलं आणि शेवटच्या शितापर्यंत जेवली.

मग बुधरीने कमरेची शाळेच्या कोठीची किल्ली काढली आणि त्याच उंबऱ्यावर ठेवली.

"सोमवारपासून शाळेत ये. मापाचं काम तुह्यं. मास्तराशी, साहेबाशी, बायकांशी बोलाचं काम माह्यं. भांडे वाजाले लागले का तू बाहेर येऊन बस, कोणी काही म्हणणार नाई."

दिव्याने किल्ली उचलली. "सोमवारी किती वाजता?"

"नऊले ये."

"नऊले, का नऊच्या आधी?"

"पावणेनऊले ये माय माही!" बुधरी म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.

आता दोन वर्षं होत आली. दिव्या पावणेनऊला शाळेच्या दारात असते, पाच मिनिटं आधी नाही की नंतर नाही. मुलं म्हणतात जेवण बेस होतं. तिच्यासाठी मी काही मागत नाही तुमच्याकडे, तिचं ठीक चाललं आहे.

मागायचं ते हे. परवा सप्त्याला जाल, पंगतीत बसाल, पुढ्यात पत्रावळ येईल. पहिला घास घेण्याआधी क्षणभर माझ्या सोनीबाईची आठवण काढा. तिला कोणी काही विचारलं नाही. निदान तिचं नाव तरी चार तोंडांतून निघू द्या.